अग्निशामक पुढे जातो, अंशदान मागे राहते

महोदय,

पोलीस शिपायाची एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, तरी त्याचा नियोक्ता राज्य शासनच राहतो. अग्निशामकाचे तसे नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा नगरपालिका व महानगरपालिकांच्या अखत्यारीत येते. त्यामुळे एका गावच्या बंबावरून दुसऱ्या गावच्या बंबावर जायचे, तर त्याला सहसा राजीनामा देऊन नव्याने नेमणूक घ्यावी लागते, आणि या दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत त्याच्या निवृत्तिवेतनाचे पैसे अडकतात.

माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका अग्निशामकाने नगरपालिकेतली नऊ वर्षांची नोकरी रीतसर परवानगीने सोडून महानगरपालिकेत पद मिळवले. कार्यमुक्तीचा आदेश त्याला एका दिवसात मिळाला. अंशदानाचा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी पगारातून कापलेल्या आणि नियोक्त्याने भरायच्या रकमेचा हिशेब मात्र तीन वर्षे उलटली तरी मिळालेला नाही. पगाराच्या सगळ्या पावत्या त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आहेत आणि प्रत्येकीवर कपातीची रक्कम स्पष्ट छापलेली आहे. तरीही पहिली चार वर्षे त्याचा प्रान क्रमांकच, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतला कायमस्वरूपी खाते क्रमांकच काढलेला नव्हता, असे आता कळते. जुने कार्यालय म्हणते, नव्या कार्यालयाने मागणीपत्र पाठवावे. नवे म्हणते, जुन्याने आधी खातेउतारा द्यावा. दोन्ही पत्रांवरचे आवक क्रमांक त्याला तोंडपाठ झाले आहेत.

कायदा नाही, असे नाही. निवृत्तिवेतन निधी विनियामक व विकास प्राधिकरण अधिनियम, 2013 च्या कलम 20 नुसार नोकरी बदलली तरी वैयक्तिक निवृत्तिवेतन खाते सोबत नेता येते. पण सोबत न्यायला त्या खात्यात पैसे तर पडलेले हवेत! कारखान्यातल्या अग्निशमन दलाच्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीचा 1952 चा कायदा लागू असेल, तर मालकाने रक्कम उशिरा भरल्यास त्या मालकाला वार्षिक 12 टक्के व्याज द्यावे लागते आणि वर दंडही बसू शकतो. केंद्र शासनाने 2021 च्या नियमांत आपल्या कर्मचाऱ्यांचे अंशदान उशिरा जमा झाल्यास व्याज देण्याची सोय केली आहे. पालिकेच्या अग्निशामकाला व्याजाच्या या दोन्हींपैकी कोणत्याच तरतुदीचा थेट आधार मिळत नाही. त्याच्या पगारातून दहा टक्के कापून घ्यायला कोणी विसरत नाही, नियोक्त्याचा हिस्सा भरायची वेळ आली की मात्र निधीची टंचाई आठवते.

म्हणून राज्य विधिमंडळाने यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. अंतिम वेतन प्रमाणपत्रासोबत दोन्ही हिश्श्यांचा महिनावार खातेउतारा दिल्याशिवाय कार्यमुक्तीची प्रक्रिया पूर्ण झाली असे मानू नये. मात्र त्या कारणाने कर्मचाऱ्याला अडकवूनही ठेवू नये, अन्यथा त्याचे नवे पदच हातचे जाईल. राहिलेली रक्कम ठरावीक मुदतीत व्याजासह नव्या खात्यात जमा करण्याची जबाबदारी जुन्या नियोक्त्याची असावी, आणि रीतसर परवानगीने दिलेल्या राजीनाम्यामुळे मागची सेवा तुटणार नाही, हे सर्व नागरी संस्थांसाठी एकाच भाषेत लिहिलेले असावे. विलंबाचे व्याज पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून देण्याऐवजी विलंबास जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याकडून वसूल करावे. एरवी तोही भुर्दंड करदात्यांच्याच माथी बसेल.

आपला,
एक सेवानिवृत्त अग्निशमन केंद्र अधिकारी