पाकीट आलं की त्याच दिवशी फोडायचं

रेडिंग, इंग्लंड,
९ मार्च २०२५

प्रिय दादा, वहिनी आणि चिन्मय,

मे महिन्यातली तिकिटं झाली हे वाचून फार बरं वाटलं. दादा, भाड्याची गाडी घेऊन वेल्सला स्वतः चालवत जायचं तुझ्या मनात आहे. चिन्मय तर ऑगस्टमध्ये नोकरीवर रुजू होणार, म्हणजे वर्षाच्या आत त्याला इथलं लायसन्स काढावंच लागेल. म्हणून वेगमर्यादेबद्दल सविस्तर लिहिते. घाईत वाचू नका, आणि हे पत्र जपून ठेवा.

आपल्याकडे चलानाचा मेसेज आला की 'पडू दे, लोकअदालतीत बघू' म्हणायची सवय लागली आहे. ती सवय साताऱ्यातच ठेवून या. इथे वेग थोडा वाढला तर प्रकरण बहुतेक वेळा शंभर पौंडांत मिटतं. त्याबद्दल आलेलं पाकीट मात्र महिनाभर टेबलावर पडून राहिलं तर नवं लायसन्स हातचं जाऊ शकतं.

आधी रस्त्याबद्दल. इथे सगळं मैलांत चालतं. ताशी ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, ६० म्हणजे ९७ आणि ७० म्हणजे ११३. भाड्याच्या गाडीचा काटाही मैलांतच असतो, त्यामुळे डोक्यात हिशेब करत बसू नका, पाटीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा एवढंच जुळवा. नवखा माणूस हमखास चुकतो तो पाटी नसलेल्या रस्त्यावर. इंग्लंडमध्ये ज्या रस्त्याला ठरावीक अंतराने दिव्यांचे खांब आहेत आणि दुसरी पाटी नाही, तिथे मर्यादा ३०. दिवे हीच खूण मानली जाते, म्हणून अशा रस्त्यावर ३०ची पाटी पुन्हापुन्हा लावत नाहीत. 'पाटी दिसली नाही' हे कारण तिथे चालत नाही. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलात की हाच नियम बदलतो: १७ सप्टेंबर २०२३ पासून तिथे दिव्यांच्या रस्त्यांवर मर्यादा २० आहे, काही रस्ते पाटी लावून ३०वर ठेवले आहेत. गावाबाहेर पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी दिसली तर राष्ट्रीय मर्यादा लागू होते. साध्या दुतर्फा रस्त्यावर कारला ६०, मधोमध दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर (आपल्या एक्सप्रेसवेसारख्या रस्त्यावर) ७०. मोटरवेवर डोक्यावरच्या कमानीत लाल कडं आणि आत ५० किंवा ६० दिसलं तर ती सूचना नव्हे, कायदेशीर मर्यादा आहे. रस्ता मोकळा दिसला तरी ती पाळायची.

कॅमेरे बरेच प्रकारचे आहेत. पण एक नीट समजून घ्या, कारण आपली जुनी युक्ती तिथे लागू पडत नाही. कामं चालू असलेल्या मोटरवेवर पिवळ्या खांबांची रांग असते. पहिला खांब गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो, पुढचा पुन्हा टिपतो, आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग निघतो. खांब दिसला की ब्रेक आणि मागे गेला की ॲक्सिलरेटर, याचा काडीचा उपयोग नाही. पुलांवर आणि रस्त्याकडेला पोलिसांच्या व्हॅनही उभ्या असतात, त्या दुरूनच वेग मोजतात.

कायद्याने ३०च्या रस्त्यावर ३१ हासुद्धा गुन्हा आहे. पोलिसांच्या मार्गदर्शक तत्त्वांत कारवाई साधारण दहा टक्के अधिक दोन मैल इथून सुरू होते: ३०ला ३५ आणि ७०ला ७९. ही सवलत म्हणजे हक्क नाही. तिच्यावर विसंबून ३४ने गाडी चालवू नका.

आता पाकिटाबद्दल. कॅमेऱ्यात गाडी सापडली की ती ज्याच्या नावावर आहे त्याला पोस्टाने 'नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्यूशन', म्हणजे खटला भरण्याचा विचार असल्याची नोटीस, येते. ही पहिली नोटीस त्याला घटनेपासून १४ दिवसांच्या आत पोचायला हवी. इथल्या मंडळींत हा नियम अर्धवट पसरलेला आहे. भाड्याच्या गाडीची पहिली नोटीस कंपनीला जाते आणि १४ दिवस तिच्यापुरतेच मोजले जातात. कंपनीने तुझं नाव कळवल्यावर तुला येणारी नोटीस महिन्याभराने आली तरी ती पक्की असते. पोलिसांनी रस्त्यात थांबवून तिथेच ताकीद दिली असेल तर १४ दिवसांचा प्रश्नच उरत नाही.

त्या नोटिशीसोबत एक फॉर्म असतो: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांगा. १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १७२ म्हणतात ते हेच. मुदत २८ दिवस. चालकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, लायसन्सचा नंबर भरायचा आणि सही करायची. सही राहिली तर उत्तर दिलंच नाही असं धरतात. फॉर्म भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, फक्त चालक कोण ते सांगणं आहे. फोटो मागवता येतात, पण ते येईपर्यंत २८ दिवस थांबत नाहीत. फॉर्म पोस्टाने पाठवला तर काउंटरवरून 'सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग' घ्या. ते फुकट मिळतं, आणि पुढे 'आम्हाला उत्तर मिळालं नाही' असं पत्र आलं तर तोच तुमचा पुरावा. ऑनलाइन भरलात तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

उत्तरच दिलं नाही तर वेगाचा गुन्हा बाजूला राहतो आणि माहिती न दिल्याचा वेगळा गुन्हा लागतो. त्याला सहा पॉइंट (लायसन्सच्या नोंदीवर साठत जाणारे दोषांक) आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. लायसन्सच्या नोंदीवर तो 'एमएस९०' या कोडने दिसतो आणि विमा कंपन्या त्याच्याकडे साध्या वेगाच्या नोंदीपेक्षा जास्त संशयाने बघतात. वेगाचे पॉइंट तीन, पाकीट न फोडल्याचे सहा.

वेळेत उत्तर गेलं की वेगानुसार तीनपैकी एक पत्र येतं. ३०च्या रस्त्यावर साधारण ३५ ते ४२, किंवा ७०वर ७९ ते ८६, असा वेग असेल आणि मागच्या तीन वर्षांत कोर्स केलेला नसेल, तर बहुधा दंड आणि पॉइंटांऐवजी स्पीड अवेअरनेस कोर्सची, म्हणजे वेगाबद्दलच्या वर्गाची, ऑफर येते. फी भागानुसार बदलते, साधारण ८० ते १०० पौंड. कोर्स ऑनलाइन असतो आणि अडीच-तीन तास चालतो. कॅमेरा पूर्ण वेळ चालू लागतो, उशिरा जोडलात तर घेत नाहीत. पॉइंट शून्य. ही ऑफर आली तर विचार करत बसू नका, घ्या. त्याहून जास्त वेगाला, म्हणजे ३०च्या रस्त्यावर साधारण ४९पर्यंत, १०० पौंड आणि तीन पॉइंट. याला 'फिक्स्ड पेनल्टी' म्हणतात, आणि ती स्वीकारायलाही २८ दिवसच. त्याच्या वर थेट कोर्ट.

कोर्टातला हिशेब दादा तुला आवडणार नाही, पण तो समजायला हवा. तिथे दंड उत्पन्नावर ठरतो. धर, चिन्मयला कर कापून आठवड्याला ५०० पौंड मिळतात आणि तो ३०च्या रस्त्यावर ४६ने गेला. वेळेत उत्तर दिलं तर १०० पौंड आणि तीन पॉइंट, विषय संपला. ती ऑफर मुदतीत स्वीकारली नाही तर प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे जातं. घरी 'सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस' येते, तिला २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ३०च्या रस्त्यावर ४१ ते ५० हा मधला पट्टा आहे, त्याला दंड आठवड्याच्या उत्पन्नाच्या जवळजवळ शंभर टक्के, म्हणजे ५०० पौंड. गुन्हा सुरुवातीलाच कबूल केला तर एक तृतीयांश सूट, म्हणजे ३३३. त्यावर ४० टक्के सरचार्ज, आणखी १३३. वर सरकारी पक्षाचा खर्च. पॉइंट चार ते सहा, नाहीतर ७ ते २८ दिवस गाडी चालवायला बंदी. तोच रस्ता, तोच वेग, फरक फक्त पाकिटाचा. ५१ किंवा त्याहून जास्त वेग असेल तर दंड उत्पन्नाच्या दीडपट आणि सहा पॉइंट किंवा ५६ दिवसांपर्यंत बंदी. कमाल दंड १,००० पौंड, मोटरवेवर २,५००.

चिन्मय, पुढचं खास तुझ्यासाठी. भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, त्यामुळे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून (ऑनलाइन ३४ पौंड) थिअरी (२३ पौंड) आणि प्रॅक्टिकल (सोमवार ते शुक्रवार दिवसा ६२ पौंड) दोन्ही पास व्हावं लागतं. प्रॅक्टिकलची तारीख अनेक केंद्रांवर कित्येक महिन्यांनी मिळते. आणि परीक्षा पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की १९९५च्या न्यू ड्रायव्हर्स ॲक्टनुसार लायसन्स रद्द होतं. तिथे कोर्टात अडचणी सांगून सुटका मिळत नाही. पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा दोन्ही परीक्षा, पुन्हा तारखेची वाट. वेगाचे दोन साधे गुन्हे पुरतात. किंवा न फोडलेलं एक पाकीट, कारण एमएस९०चे सहा एकदमच येतात. 'अजून भारतीय लायसन्सच आहे, पॉइंट कुठे लावणार?' असंही समजू नकोस. डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स आणि गाड्यांची नोंद ठेवणारी इथली सरकारी संस्था, तुझ्या नावाची नोंद उघडून त्यात पॉइंट टाकते आणि इथलं लायसन्स निघालं की ते तिथे हजर असतात. जुन्या चालकांना मर्यादा तीन वर्षांत १२ पॉइंटांची, मग किमान सहा महिने बंदी. वेगाच्या पॉइंटची नोंद चार वर्षं राहते आणि विमा कंपन्या बहुधा पाच वर्षांचं विचारतात. तिथे लपवलं तर ऐन अपघाताच्या वेळी विमा हात वर करू शकतो.

घर बदललं की त्याच आठवड्यात डीव्हीएलएकडे दोन ठिकाणी पत्ता बदल: लायसन्सवर आणि गाडीच्या लॉगबुकवर, ज्याला व्ही५सी म्हणतात. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या तरुण मुलांचं इथेच चुकतं. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तिथले लोक ती टाकून देतात, आणि माणसाला कळतं ते थेट कोर्टाच्या वसुलीचं पत्र आल्यावर. तसं झालंच तर हातपाय गाळायचे नाहीत. कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टाकडे 'स्टॅच्युटरी डिक्लरेशन' द्यायचं, की मला या खटल्याची माहितीच नव्हती. मग निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पण पत्ता न कळवणं हा स्वतःच वेगळा गुन्हा आहे, हे विसरू नकोस.

आता नाजूक गोष्ट लिहिते, कारण ही सूचना तुम्हाला कोणी ना कोणी आपुलकीने करणारच: 'गाडी बाबा चालवत होते, ते भारतात परत गेले, असं लिहून टाक.' हे कधीही करायचं नाही. चालक परदेशी गेला असं लिहिलं की पोलीस त्याची इथली हजेरी, विमा, प्रवासाची तिकिटं यांची विचारणा करू शकतात. खोटं निघालं तर तो वाहतुकीचा गुन्हा राहत नाही, न्यायात अडथळा आणल्याचा होतो आणि त्याला तुरुंगवास आहे. क्रिस ह्यून हे इथले केंद्रीय मंत्री होते. २००३ मध्ये वेगात सापडल्यावर त्यांचे पॉइंट पत्नीने स्वतःवर घेतले, आणि दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. कशासाठी, तर तीन पॉइंटांसाठी. दादा, खरोखर तूच चालवत असशील तर तुझंच नाव लिहायचं, आणि कोणी कितीही सांगितलं तरी चिन्मयचे पॉइंट तू घ्यायचे नाहीस.

भाड्याच्या गाडीबद्दल दादाने एवढं करायचं. करार करताना पत्त्याच्या रकान्यात साताऱ्याबरोबर माझा रेडिंगचा पत्ताही लिहून घ्यायला सांग. नुसता साताऱ्याचा दिला तर नोटीस तिकडे जाईल, आणि तुम्ही इथे फिरत असताना ती बंद घराच्या दारात पडून राहील. प्रत्येक नोटिशीमागे कंपनी कार्डातून प्रशासकीय फी कापते. तो दंड नव्हे. फी कापली गेली म्हणून प्रकरण मिटलं असं समजून लोक गाफील राहतात. उलट कार्डावर अशी फी दिसली की पाकीट येणार हे नक्की समजायचं. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर इथे कायमचा पत्ता नसलेल्या चालकाकडून ते जागेवर अनामत रक्कम मागू शकतात, न भरल्यास गाडी अडकवू शकतात. शांतपणे कार्डाने भरायची आणि पावती घ्यायची. रोख रक्कम पुढे करून 'सांभाळून घ्या' असलं काही चुकूनही बोलायचं नाही.

भारतात परतल्यावरही प्रकरण मिटत नाही. पुढच्या व्हिसाच्या अर्जात वाहतुकीच्या गुन्ह्यांच्या शिक्षेबद्दल प्रश्न असतो. तिथे जे असेल ते खरं लिहायचं. शंभर पौंड वेळेत भरल्याची पावती पुढे करणं सोपं, तुमच्या माघारी झालेला कोर्टाचा निकाल समजावत बसणं फार अवघड.

वहिनी, तुला एक काम. दादा चालवत असेल तेव्हा शेजारी बसून पाट्यांवर लक्ष ठेव, विशेषतः मोठ्या रस्त्यावरून गावात शिरताना. त्याला बोलणं खायची सवय आहे, ऐकेल. गाडी घेतलीत की कराराच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, आणि रोज गाडी कोणी किती वाजेपर्यंत चालवली ते एका वहीत लिहीत जा. दोघे आळीपाळीने चालवणार असाल तर फॉर्म भरताना तीच वही लागेल.

दादा, लायसन्सची दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत या आठवड्यात पाठव. गाडीचं आरक्षण करण्याआधी त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळतं की नाही ते मला बघायचं आहे.

तुमची,
सुनंदा