पावसाला बायपोलर म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसावरचा एक खुसखुशीत लेख वाचला. त्यात ‘यंदा पाऊससुद्धा बायपोलर झालाय’ असं वाक्य होतं. सकाळी ऊन, दुपारी सर, एवढंच लेखकाला म्हणायचं असणार. पण बायपोलर हा मनाचा आजार आहे, त्यात उन्मादाचे आणि नैराश्याचे काळ येतात. आमच्या घरात त्याचे दोन प्रकार, दोन पिढ्यांत, मी जवळून बघितलेत. त्यात असं घटकेत ऊन-घटकेत पाऊस नव्हतं. तिथे हिशेब आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो.

सासऱ्यांचा आजार पहिल्या प्रकारचा, म्हणजे बायपोलर वन. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी गणपतीत ते सहा रात्री जवळजवळ झोपलेच नाहीत. बोलणं इतकं भरभर की समोरच्याला ‘हो’ म्हणायला फट मिळू नये. भिशी लागली होती, त्या पैशांतून एका दुपारी सात सायकली आणून गल्लीतल्या पोरांना वाटल्या. अडवायला गेलं की अंगावर धावून यायचे. आधी देवऋषी झाला, मग दवाखाना. उन्माद आठवडाभर टिकला, किंवा दवाखान्यात ठेवावं लागण्याइतका चढला, की तो पहिला प्रकार. तो लपत नाही, आख्ख्या गल्लीला कळतो. लिथियमच्या गोळ्यांवर सासरे पुढे वीसेक वर्षं व्यवस्थित जगले. मात्र ठरावीक महिन्यांनी रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉईड, किडनी तपासायची, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि अंग दुखलं म्हणून मनाने गोळी घ्यायची नाही, ही पथ्यं सासूबाईंनी उपासतापासाच्या नेमाने पाळली.

ह्यांच्या बाबतीत मात्र आम्ही नऊ वर्षं फसलो. दोन-दोन महिने हे अंथरूण सोडत नसत. आंघोळीला चला म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. मग मध्येच पाच-सहा दिवस असे यायचे की घरात जीव यायचा. रात्री दोनला माळा आवरायला काढायचे, तीन तास झोपून पहाटे टवटवीत. एकदा तर शिकवण्या सुरू करायचं ठरवून हजार पत्रकं छापून आणली. ती अजून माळ्यावर आहेत. ‘सुटला गं बाई एकदाचा’ म्हणत सासूबाई ह्यांची दृष्ट काढायच्या. आम्ही डॉक्टरांकडे जायचो ते पडलेल्या दिवसांत आणि सांगायचोही पडलेल्या दिवसांचंच. त्यामुळे फाइलवर ‘नैराश्य’ आणि गोळ्या फक्त नैराश्यावरच्या. त्यांनी झोप आणखी उडाली, चिडचिड वाढली. डॉक्टरांना मी दोष देत नाही. अर्धी गोष्ट आम्हीच घरी ठेवून जात होतो.

गाव बदललं, डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारल्या. घरात आधी कुणाला काही होतं का? आणि झोप कमी होऊनही थकवा येत नाही, असे दिवस येतात का? मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघतच राहिलो. आम्ही ज्यांना चांगले दिवस म्हणत होतो तो हायपोमेनिया, म्हणजे सौम्य उन्माद होता. असे सलग चार दिवस आणि जोडीला तीव्र नैराश्य, हा दुसरा प्रकार.

यातला ‘सौम्य’ हा शब्द फार घात करतो. टाइप टू म्हणजे हलका आजार, असं आमच्याकडे सगळ्यांनी धरलं. सौम्य असतो तो उन्माद. नैराश्य मुळीच सौम्य नसतं. या प्रकारात आयुष्यातला मोठा काळ तेच खातं, आणि आत्महत्येचा धोका इथेही तेवढाच खरा.

याशिवाय सायक्लोथायमिया आहे. त्यात दोन्ही बाजूंचे चढउतार लहान, पण दोन-दोन वर्षं पाठ सोडत नाहीत. लोक त्याला ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतात. काहींना वर्षात चार किंवा जास्त वेळा झटके येतात, काहींना उन्माद आणि नैराश्य एकाच वेळी. हे सगळं मनोविकारतज्ज्ञाने तुमच्या पुरवणीत सविस्तर लिहावं, एवढीच विनंती. सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही ठळक छापावा, आमच्या आळीत तो कुणालाच माहीत नाही.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी मी ह्यांच्या झोपेचे तास लिहिते. सलग तीन चौकटींत चारपेक्षा कमी आकडा आला की डॉक्टरांना फोन. मागच्या पौषात तसा एकदा केला. गोळी वेळेत बदलली आणि ह्यांच्या हातून नवी पत्रकं छापायची राहिली.

– एक वाचक, सांगली

(मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. कृपया नाव छापू नये.)