आईच्या रिपोर्टवर ‘आफ्रिकन अमेरिकन’ ईजीएफआर आणि ॲपवर हिरवा ‘नॉर्मल’: लॅबला पाठवलेलं तक्रार पत्र

प्रति,
कस्टमर केअर आणि रिपोर्टवर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट

विषय: किडनी फंक्शन टेस्टमधला ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाजे आकडा) जुन्या फॉर्म्युल्याने काढून, त्यातही भलत्याच ओळीतला आकडा घेऊन ‘नॉर्मल’ दाखवल्याबद्दल

नमस्कार,

माझी आई 66 वर्षांची आहे, कराडला राहते, वजन 44 किलो, जन्मापासून शाकाहारी, बीपीची गोळी चालू आणि गुडघेदुखी जुनी. तिचं वर्षाचं चेकअपचं पॅकेज आम्ही तुमच्याकडेच बुक करतो, तुमच्या लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन सॅम्पल घेऊन जातो आणि संध्याकाळी ॲपवर रिपोर्ट येतो. या वेळी ॲपवर किडनीच्या चित्राशेजारी हिरवा गोल, त्यात 60 आणि खाली ‘नॉर्मल’. आईने लगेच स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. गावातल्या डॉक्टरांनीही मोबाईलवर तेच पान बघितलं आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक लिहून दिलं, कारण किडनी नॉर्मल आहे असं तुम्हीच म्हणत होतात.

आता खरा रिपोर्ट बघा, पीडीएफचं चौथं पान, सोबत जोडलंय. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, जो किडनी बाहेर टाकते) 1.1, रेंज 0.6 ते 1.3, म्हणून तिथेही काही लाल नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी: ‘ईजीएफआर नॉन आफ्रिकन अमेरिकन 50’ आणि ‘ईजीएफआर आफ्रिकन अमेरिकन 60’. ॲपने यातला दुसरा उचलला! कराडच्या माझ्या आईसाठी! मी फोन केला तेव्हा तुमच्या एक्झिक्युटिव्हने सांगितलं की सॉफ्टवेअर शेवटची व्हॅल्यू घेतं सर, ते ऑटोमॅटिक आहे, तुम्ही डॉक्टरांशी क्लिनिकली कोरिलेट करून घ्या. अहो, डॉक्टर कोरिलेट कशाशी करणार, तुम्ही त्यांच्यासमोर 60 ठेवलात ना.

नंतर पुण्यात नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवलं. त्यांनी आधी डायक्लोफिनॅक बंद केलं (बीपीची टेल्मिसार्टन आणि ही पेनकिलर एकत्र किडनीवर ताण आणतात असं त्यांनी आईला समजावून सांगितलं), मग क्रिएटिनिन परत केलं, ते 1.1 च आलं, 2021 च्या फॉर्म्युल्याने ईजीएफआर 55 निघाला, सिस्टॅटिन सी (रक्तातल्या एका प्रोटीनची वेगळी टेस्ट) वरून 48 आणि युरीन एसीआर (लघवीतून जाणारं प्रोटीन मोजणारी टेस्ट) 86, म्हणजे जास्त. मागच्या वर्षीचा तुमचाच रिपोर्ट काढला तर त्यातही क्रिएटिनिन 1.1, तेच 50 आणि 60, तोच हिरवा गोल. म्हणजे जे एक वर्ष आधी कळायला हवं होतं ते आत्ता कळलं. तीन महिन्यांच्या वर ईजीएफआर 60 च्या खाली राहिला तर क्रॉनिक किडनी डिसीज धरतात, आणि इथे तर लघवीतून प्रोटीनही जातंय.

मी डॉक्टर नाही पण या दोन ओळी कुठून आल्या ते मी नीट वाचून काढलं, कारण मला झोप लागत नव्हती. हा एमडीआरडी नावाचा फॉर्म्युला 1999 सालचा, अमेरिकेतल्या 1628 किडनी पेशंटच्या माहितीवरून बनवलेला, त्यात बहुतेक गोरे आणि थोडे कृष्णवर्णीय. क्रिएटिनिन आणि वयावरून आकडा काढायचा, बाई असेल तर 0.742 ने गुणायचं आणि कृष्णवर्णीय असेल तर 1.212 ने, म्हणजे किडनी तीच, रक्त तेच, पण आकडा सरळ 21 टक्क्यांनी वर. कारण काय दिलं तर त्यांच्या अंगात मसल जास्त असतं. माणसाचा रंग बघून त्याचं मसल ठरवायचं हे मला पटत नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला की तिथल्या कृष्णवर्णीय पेशंटची किडनी कागदावर बरी दिसत राहिली आणि ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टला लागणारा 20 चा आकडा त्यांचा उशिरा आला. शेवटी 2021 मध्ये तिथल्या किडनी तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून सांगितलं की वंशाचा गुणक काढून टाका, आणि सीकेडी-ईपीआयचा नवा फॉर्म्युला आला ज्यात फक्त क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच लागतं. ज्या देशासाठी ती ओळ बनवली त्या देशाने ती सोडलीय आणि तुम्ही ती अजून साताऱ्या-सांगलीच्या लोकांना छापून देताय, तेही कोणता फॉर्म्युला वापरलाय हे रिपोर्टवर कुठेही न लिहिता.

बाई आणि पुरुष हा फरक मात्र खरोखर लागतो आणि तिथे तुम्ही उलटं केलंय. क्रिएटिनिन मसलमधून येतं. बारीक बाईच्या अंगात ते कमीच तयार होतं, त्यामुळे तिचं 1.1 आणि धडधाकट पुरुषाचं 1.1 एक नाही. नव्या फॉर्म्युल्याने 66 वर्षांच्या पुरुषाचा 1.1 ला ईजीएफआर 74 येतो आणि बाईचा 55. एक नॉर्मलच्या बाजूला, एक नाही. आणि तुमच्या रिपोर्टवर दोघांना एकच रेंज, 0.6 ते 1.3! घरातल्या बायका आधीच स्वतःचं दुखणं अंगावर काढतात, त्यात रिपोर्टच सांगतो की सगळं ठीक आहे, मग त्या कशाला डॉक्टरकडे जातील?

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. नवा फॉर्म्युला लावला म्हणजे आपल्या लोकांसाठी सगळं बरोबर झालं असंही नाही. चंदीगडच्या डॉक्टरांनी इन्युलिन (किडनीतून गाळला जाणारा पदार्थ) देऊन लोकांची किडनी प्रत्यक्ष किती गाळते ते मोजलं आणि 2018 मध्ये छापलं की क्रिएटिनिनवरचे चालू फॉर्म्युले भारतीयांमध्ये आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडे मसल कमी, मांसाहार कमी, त्यामुळे क्रिएटिनिनच कमी. जपानने स्वतःच्या लोकांवर मोजून स्वतःचा फॉर्म्युला बनवला, पाकिस्तानातही तिथल्या लोकांसाठी आकडा खाली आणणारी दुरुस्ती काढली गेली. म्हणजे आपल्या लोकांच्या बाबतीत चूक झाली तर ती आकडा वर दाखवण्याकडे होते, आणि तुम्ही त्यावर अजून 21 टक्के चढवून ठेवलेत. आईच्या बाबतीत हेच झालं, सिस्टॅटिन सी मसलवर फारसं अवलंबून नसतं म्हणून त्यात 48 दिसलं. अशा वेळी काठावरच्या आकड्याला हिरवा रंग देणं हे मला अजिबात सहन होत नाही. काठावर असेल तर लिहा ना की एसीआर करून घ्या, सिस्टॅटिन सी करून घ्या. एसीआर तुमच्या महागड्या पॅकेजमध्येही नाहीये, ज्यात व्हिटॅमिनच्या आठ-दहा टेस्ट आहेत.

मला पैसे परत देतो असा मेल तुम्ही पाठवलात, तो मी स्वीकारलेला नाही. मला हवंय ते असं की ॲपमधला हा हिशोब आजच थांबवा, ‘आफ्रिकन अमेरिकन’ ओळ काढा, एकच ईजीएफआर द्या आणि शेजारी फॉर्म्युल्याचं नाव आणि वर्ष छापा, क्रिएटिनिनची रेंज बायका आणि पुरुषांना वेगळी द्या. आणि हे सगळं पुढच्या पेशंटसाठी झालं, मागच्यांचं काय? अमेरिकेत जानेवारी 2023 पासून हॉस्पिटलना सांगण्यात आलं की वेटिंग लिस्टवरच्या कृष्णवर्णीय पेशंटचे जुने रिपोर्ट परत तपासा आणि जुन्या फॉर्म्युल्यामुळे ज्यांचा वेळ गेला तो त्यांना जोडून द्या. तिथे हे होऊ शकतं तर तुमच्याकडे तर सगळा डेटा कॉम्प्युटरवर आहे, क्रिएटिनिन, वय, स्त्री-पुरुष सगळं. ज्यांचा पहिल्या ओळीतला आकडा 60 च्या खाली होता आणि ॲपने नॉर्मल दाखवलं अशा प्रत्येकाला मेसेज करा, फोन करा, रिपोर्ट दुरुस्त करून पाठवा. त्यात कितीतरी जण आत्ता या क्षणी पेनकिलर खात असतील, आणि त्यांच्या घरी कोणी पीडीएफचं चौथं पान उघडून बघणारं नसेल.

आईचे दोन्ही वर्षांचे रिपोर्ट, ॲपचे स्क्रीनशॉट आणि पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीय. उत्तर मला लेखी पाहिजे आणि पॅथॉलॉजिस्टच्या सहीने, कॉल सेंटरचा फोन नको. पंधरा दिवसांत आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, कागद तयार आहेत. दोन्ही वर्षांचे दुरुस्त केलेले रिपोर्ट आईच्या नावाने वेगळे पाठवा, तिच्या पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी मागितलेत.

तुमच्या पेशंटचा मुलगा
पुणे