चाप ओढल्यानंतरचा पाऊण सेकंद

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 600 मीटरवरची लोखंडी प्लेट दहापैकी नऊ वेळा वाजते, मग तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या हरणावर गोळी का टाकू नये, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आहे, टाकू नकोस. तुझ्या हाताबद्दल किंवा रायफलीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती चाप ओढल्यापासून गोळी पोचेपर्यंतच्या वेळाबद्दल, कारण तेवढा वेळ तुझ्या ताब्यात नसतो.

हिशेब करून पाहू. .308 विंचेस्टर या काडतुसाची 165 ते 168 ग्रेन (सुमारे 11 ग्रॅम) वजनाची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 800 मीटर वेगाने निघते. हवेच्या विरोधाने ती मंदावत जाते आणि 500 मीटर कापायला तिला सुमारे पाऊण सेकंद लागतो. सावकाश चालणारं हरीण सेकंदाला सव्वा मीटर सरकतं, म्हणजे तेवढ्यात ते जवळजवळ एक मीटर पुढे गेलेलं असतं. फऱ्याच्या मागे धरलेला नेम पोटात किंवा मांडीत लागायला इतकं पुरतं. उभं राहून चरणारं जनावरही मधेच एक पाऊल टाकतं. ते कधी टाकेल हे त्याच्या मानेवरून, कानांवरून थोडंफार कळतं, खात्रीने नाही. प्लेट पाऊल टाकत नाही, आणि तिच्यावरचा नेम चुकला तर फक्त धूळ उडते.

गोळी किती खाली येते याची तू उगाच काळजी करतोस. 100 मीटरवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेमक्या नेमावर लागेल अशी जुळवलेली, ही गोळी 500 मीटरवर पावणेदोन ते दोन मीटर खाली येते, पण गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) आणि स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, नेम वर-खाली करणारी चकती एवढं काम बिनबोभाट करतात. एक मात्र पाहा, त्या टप्प्यावर अंतर 20 मीटरने चुकलं तर गोळी साधारण 20 सेंटीमीटर वर किंवा खाली लागते. रेंजफाइंडरचा किरण जनावरामागच्या झुडपावरून परत आला तर एवढी चूक सहज होते. म्हणून अंतर तीनदा मोज, आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर गोळी टाकू नकोस.

खरी मेख वाऱ्यात आहे. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी 300 मीटरवर सुमारे 20 सेंटीमीटर आणि 500 मीटरवर साधारण 60 सेंटीमीटर ढकलतो. हे कोष्टकात मिळतं. वारा 16 चा आहे की 11 चा, हे कोष्टक सांगत नाही. तुझ्या हातातलं यंत्र फक्त तुझ्याजवळचा वारा मोजतं. मधल्या घळीतून वारा उलटा वाहत असेल आणि पलीकडच्या उतारावर वरच्या बाजूला चढत असेल. तुझ्याजवळच्या वाऱ्याचा परिणाम सगळ्यात जास्त, कारण सुरुवातीलाच गोळी किंचित वळली की ते वळण शेवटपर्यंत वाढत जातं. पण उरलेल्या वाऱ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ताशी 5 किलोमीटरचा अंदाज चुकला तर 500 मीटरवर 20 सेंटीमीटरचा फरक पडतो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा जेमतेम 20 ते 25 सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 10-12 सेंटीमीटर. वारा डोक्याकडून शेपटीकडे वाहत असेल तर चुकलेली गोळी थेट पोटात जाते. 300 मीटरवर हीच चूक 6-7 सेंटीमीटरची, ती पट्ट्यात मावते. अंतर दुपटीलाही गेलं नाही, पण वाऱ्याची चूक तिप्पट झाली.

यात नेमबाजाची स्वतःची चूक अजून धरलेलीच नाही. बाकावर वाळूच्या पिशवीवर ठेवून 1 मिनिटाचा (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) गट काढणारी, म्हणजे सगळ्या गोळ्या तेवढ्या फैलावात टाकणारी रायफल 500 मीटरवर 14-15 सेंटीमीटरचा गट देईल. तोच माणूस उतारावर बसून, धाप लागलेली असताना, बोटं गारठलेली असताना 3 मिनिटांवर गेला तर गट 43 सेंटीमीटरचा होतो. जास्त ताकदीचं काडतूस घेतलं तर वारा थोडा कमी नडतो, हे खरं. पण धक्का वाढतो, धक्क्याला बिचकून चाप झटक्याने ओढला जातो, आणि गोळी कुठे लागली ते स्कोपमधून दिसतच नाही. लांबच्या नेमात तेच दिसणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

गोळी नेमकी लागली तरी ती उमलली पाहिजे, म्हणजे अंगात शिरताच तिचं टोक पसरून रुंद झालं पाहिजे. शिकारीच्या पुष्कळशा गोळ्यांना उमलायला सेकंदाला 550 मीटरच्या आसपास वेग लागतो. वर सांगितलेली गोळी 400 मीटरच्या थोडं पुढे त्याखाली जाते. मग ती बारीक भोक पाडून आरपार निघते आणि जनावर तासन् तास चालत राहतं. कमी वेगाला उमलणाऱ्या गोळ्याही मिळतात. तुझ्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात किमान वेग दिलेला असेल. तो वेग तुझी गोळी किती मीटरवर गाठते ते काढ, त्यापुढचं अंतर तुझ्यासाठी बंद.

धनुष्याचं गणित वेगळं आहे, आणि मला ते जास्त कठोर वाटतं. गोळी आवाजाच्या आधी पोचते. बाण नंतर. चांगल्या कंपाउंड (कप्प्यांच्या) धनुष्याचा बाण सेकंदाला 85 मीटर जातो, आवाज 340. 20 मीटरवर बाणाला 0.24 सेकंद लागतात, दोरीचा आवाज 0.06 सेकंदात पोचतो. हरणाच्या हातात 0.18 सेकंद उरतात. दचकायलाच 0.15 सेकंद गेले असं धरलं तर हालायला वेळच नाही. 40 मीटरवर आवाजानंतर 0.35 सेकंद उरतात, त्यातून दचकण्याचे वजा करून 0.20. उडी घेण्याआधी हरीण पाय दुमडून अंग खाली टाकतं, आणि 0.20 सेकंदात अंग 20 सेंटीमीटर खाली येऊ शकतं. बाण पाठीच्या कण्याच्या वर, मांसात जातो. 60 मीटरवर तर त्याला उडी मारायलाही सवड मिळते. धनुष्य कितीही महागाचं असो, आवाजाचा वेग तोच राहतो. जड बाणाने आणि दोरीवरच्या रबरी गोंड्यांनी आवाज दबतो, तेवढाच फायदा.

अंतराची चूकही इथे महाग पडते. 20 मीटरवर 3 मीटर चुकलास तर बाण 4 सेंटीमीटर इकडे-तिकडे, 50 मीटरवर तीच चूक 10 सेंटीमीटरची. बाण आघाताने मारत नाही, कापून रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे पातं दाढी होईल इतकं धारदार हवं आणि ते दोन्ही फुप्फुसांतून गेलं पाहिजे. समोरून तिरकं उभं असलेलं जनावर सोडून दे, फऱ्याचं हाड आडवं येतं. पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत धर. मान वर, कान तुझ्याकडे वळलेले असतील तर 25 मीटरवरूनही बाण सोडू नकोस. ते आधीच ताणलेलं असतं.

तू लिहितोस, लांबचं जनावर निवांत असतं, म्हणून लांबूनच जास्त दया होते. या मुद्द्यात दम आहे. घाईत, 80 मीटरवर, पळत्या जनावरावर टाकलेल्या गोळीपेक्षा 300 मीटरवर पालथं झोपून, बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर), निवांत जनावरावर टाकलेली गोळी केव्हाही बरी. अमेरिकेतला 1887 साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब लांब पल्ल्याच्या शिकारीवर टीका करतो, कारण त्याच्या मते शिकाऱ्याने जनावराच्या नाका-कानांच्या टप्प्यात यायला हवं. मला हे न्यायाचं बोलणं थोडं आपल्याच समाधानाचं वाटतं. जनावराला सामना बरोबरीचा होता की नाही याचं काय? त्याला फरक पडतो तो जखमेचा.

आणि जखम झाली की लांबचं अंतर दुसऱ्यांदा आडवं येतं. 500 मीटर म्हणजे बहुतेक वेळा मधे एक दरी. पलीकडे पोचेपर्यंत अर्धा तास जातो आणि तिथून सगळी झाडं सारखीच दिसतात. गोळी टाकण्याआधीच जनावराशेजारची एक खूण, खडक किंवा वठलेलं झाड, लक्षात ठेव आणि होकायंत्रावर दिशा लिहून घे. जोडीदार असेल तर तो स्कोपमागून हलू नये, त्याने हाताने किंवा वायरलेसवर तुला जागेवर न्यावं. "चुकली" असं वाटलं तरी जाऊन पाहायचंच. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून माग काढ. गडद लाल म्हणजे यकृत, चार तास तरी थांब. हिरवट, वासाचं काही दिसलं तर पोट, सहा ते आठ तास. लगेच पाठलाग केलास तर ते उठून मैलभर जाईल आणि सापडणारच नाही.

तुझी मर्यादा ठरवायची एक पद्धत सांगतो. दिवसाला एकच गोळी, थंड नळीतून. आधी 200 मीटर चढून धाप लागू दे, मग बसून किंवा गुडघ्यावर, अनोळखी अंतरावरच्या 20 सेंटीमीटरच्या कागदी थाळीवर. चुकलेली गोळी लिहायची, "वारा फिरला" म्हणून खोडायची नाही. ज्या अंतरावर सगळ्या थाळीत लागतात ते अंतर जनावरासाठी पाव हिस्सा कमी कर. आणि दहापैकी दहा लागल्या म्हणून हुरळू नकोस. दहा यशांनंतरही दर चारांत एक चुकण्याची शक्यता गणिताने पुसली जात नाही. ती दहांत एकपर्यंत खाली आणायला तीस लागोपाठ लागाव्या लागतात. तुझ्या दहापैकी नऊचं काय करायचं ते तूच बघ. प्लेटवरच्या त्या गोळ्या गरम नळीतून आणि पहिल्या दोन वारा तपासायला टाकलेल्या होत्या, असं तूच लिहिलं आहेस.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक

ता. क. उतारावरचा तुझा प्रश्न राहिलाच. 30 अंशांच्या उतारावर 500 मीटर दाखवत असेल तर गोळीचा हिशेब 433 मीटरचा, म्हणजे आडव्या अंतराचा धर, वर असो की खाली. तुझा रेंजफाइंडर दोन्ही आकडे दाखवत असेल तर कुठला आकडा आडवा ते सपाट जागी आणि चढावर एकदा पडताळून घे. दोन्ही सारखेच दिसले तर कोनाचा पर्याय बंद आहे.