काका, त्या रिगरची ओळख करून दिलीत

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून लिहूनच कळवतो, तेही बेडफर्डमधल्या आपल्या सगळ्या मंडळींना वाचता येईल असं.

लेकीला शाळेतून गृहपाठ होता: आर १०१ या ब्रिटिश एअरशिपवर, म्हणजे हायड्रोजनने तरंगणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजावर, गेलेल्या एका माणसाबद्दल लिहा. बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टनमधल्या, एअरशिप ठेवायच्या त्या दोन अजस्र शेड आम्हाला रोज गाडीतून दिसतात आणि मी त्यांना गोदामं समजत होतो! तुम्ही मात्र भर पावसात कानटोपी घालून आम्हाला तिथे घेऊन गेलात.

आधी तुम्ही आम्हाला नाशिकचा धक्का दिलात. त्या जहाजावर असलेले ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन १८७५ मध्ये नाशिकला जन्मले, हे मी जन्मभर नाशिककर असून मला ठाऊक नव्हतं. जहाज निघालं होतं कराचीला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या. तिथे त्याच्यासाठी बांधलेल्या शेडला लोक 'काला छपरा' म्हणत. तिथवर ते पोचलंच नाही. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी निघालं आणि रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ जणांपैकी ४८ गेले. लेक लगेच म्हणाली, "मी थॉमसनवर लिहिते, आपल्या नाशिकचा आहे." मीही मान डोलावली.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याच्यावर सगळेच लिहितात. तू चर्चवर लिही."

ती गोंधळली. आपण चर्चच्याच दारात उभे होतो ना! मग तुम्ही तिथल्या, अपघातात गेलेल्यांच्या समाधीवरच्या ४८ नावांतलं एक दाखवलंत: एस. चर्च, रिगर. रिगर म्हणजे आवरण, दोर आणि वायूच्या पिशव्या सांभाळणारा गडी. पिशव्या गुरांच्या आतड्यांच्या पापुद्र्याच्या असत, हे ऐकून लेकीने तोंड वाकडं केलं. आत ५५ लाख घनफूट हायड्रोजन, ७७७ फूट लांबीचं धूड, आणि मधोमध कापून नवा भाग जोडल्यावर चाचणी झाली ती एकच. थॉमसनना लंडनच्या साम्राज्य परिषदेला वेळेत परतायची घाई होती. यावर तुम्ही फक्त "हं" केलंत. ते मला पुरलं.

होडीचं उदाहरण देऊन तुम्ही समजावलंत: नाक बुडायला लागलं की पुढची पोती आधी पाण्यात टाकायची. जहाजाच्या नाकाशी पाण्याचा राखीव भार होता, पण तो नियंत्रणकक्षातून सोडता येत नसे, तिथे माणसालाच जावं लागे. पाळी नुकतीच बदलली होती, चर्च मागे परत येत होता, तेवढ्यात जहाजाने खाली सूर मारला. पुढे जाऊन भार सोड, असा हुकूम मिळाला. तो वळला, पण पोचण्याआधीच जहाज आदळलं. आगीतून तो बाहेर आला आणि हे सांगण्यापुरता जगला. काही दिवसांत रुग्णालयातच वारला.

अपघाताच्या चौकशीने पुढे सांगितलं की पुढच्या पिशव्यांतला वायू गळाल्याने नाक खाली गेलं असावं. (अध्यक्ष सर जॉन सायमन, आपल्या 'सायमन गो बॅक'वालेच. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी पावसात मोठ्याने हसलो. समाधीजवळ हसायला नको होतं.)

मग चर्चच्या आत गेलो. भिंतीवरच्या, त्या जहाजाच्या जळक्या निशाणासमोर लेक बराच वेळ गप्प उभी होती. घरी येऊन तिने लिहिलं ते मंत्र्यावर नाही, कराचीवर नाही, आगीवरही फारसं नाही. नाक खाली झुकलेल्या जहाजात अंधारातून पुढे चालत जाणाऱ्या एका तरुण माणसावर दोन पानं लिहिली. मी एकटा असतो तर तिने नाशिकवर लिहिलं असतं आणि मी शाबासकी दिली असती.

त्या दोन पानांची प्रत सोबत जोडली आहे. 'बोव्हे'चं स्पेलिंग तिने चुकवलंय, मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. लाल पेनचा मान तुमचा. कानटोपी आमच्या गाडीत राहिली आहे, रविवारी घेऊन येतो. भाजणी नाशिकहून आली आहे, थालीपीठं तिथेच लावू.

तुमचा,
शेजारचा नाशिककर