सुट्टीतलं वाचन

संपादक महोदय, स. न. वि. वि.

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते. परीक्षा संपल्या की पालक येतात आणि ‘काहीतरी संस्कारक्षम द्या’ म्हणतात. मुलाला कोणी विचारतच नाही! मी सरळ मुलाकडे वळून फास्टर फेणे पुढे करते. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या गल्लीबोळांतून सायकल दामटतो, हे कळलं की पुस्तक घरी जातंच.

नववी-दहावीच्या पुढच्यांना मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ सुचवते. दानदक्षिणेच्या आशेनं कोकणातल्या वरसईहून उत्तरेला निघालेला हा गरीब भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यात अडकला. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं जड जातात. तिथे मोबाइल कामाला येतो. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. स्थळं, माणसं पाहायला मराठी विश्वकोश आहे, तोही ऑनलाइन. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं वाचता येतात, हे तर आमच्या कितीतरी जुन्या सभासदांनाही ठाऊक नाही.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र वेगळ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. हयात लेखकांची पुस्तकं ‘फॉरवर्ड’ करणं ही चोरीच, मग पाठवणारे काका कितीही सज्जन असोत.

आपल्या रविवार पुरवणीत मे महिनाभर अशा संकेतस्थळांसाठी एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती.

– एक ग्रंथालय कर्मचारी, पुणे ३०