शाल नको, प्लग पॉइंट द्या

संपादक साहेब, नमस्कार.

१४ जानेवारी म्हटलं की आपल्याला तिळगूळ आठवतो. त्याच दिवशी माजी सैनिक दिन असतो हे मला, फौजीचा मुलगा असूनही, परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं. पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला रिटायर झाले म्हणून तो दिवस, २०१६ पासून पाळतात. यंदा आमच्या कळव्यातल्या मंडळाने त्या दिवशी सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, बॅनर सगळं रेडी, आणि जिचा सत्कार ती ताईच आली नाही.

ताई फौजी घरातल्या नाहीत हां. पोस्टात काउंटरला होत्या, मिस्टर कंपनीत. रिटायर झाल्यावर शेजारच्या सुभेदार काकांचा हयातीचा दाखला भरून दिला, ते काका दुसऱ्याला घेऊन आले, दुसरे तिसऱ्याला, असं करत करत आता दर शनिवारी सकाळी वॉचमनच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि नोव्हेंबरात तर गेटपर्यंत लाइन असते. (पोस्टमन घरी येऊन पण दाखला करून देतो, हेही ताईच सगळ्यांना सांगतात, ऐकतं कोण.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेन्शनवाल्याने आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सरकारला सांगायचं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की काम झालं. आता फौजेची पेन्शन स्पर्श नावाच्या पोर्टलवर गेलीय, म्हणजे लॉगिन आलं, पासवर्ड आला, ओटीपी आला, आणि ओटीपी जातो नातवाच्या नंबरवर आणि नातू पुण्याला. एक नायक काका म्हणतात, सगळी बॉर्डर फिरलो पण या स्पर्शला काय आपला स्पर्श होत नाय. अंगठाही लागत नाही, वयाने रेषाच झिजलेल्या. ताई आधी ओल्या फडक्याने अंगठा पुसतात, मग पदराने कोरडा करतात, तरी मशीन लालच दाखवत असेल तर मोबाईलवर चेहऱ्याने करतात. ते ॲप सांगतं डोळे मिचकवा, आणि काका कॅमेऱ्यासमोर सावधानमध्ये, पापणी हलायला तयार नाही. "काका, परेड नाहीये ही, मिचकवा की डोळे!" म्हटलं की अख्खी लाइन हसते.

माझं स्वतःचं सांगतो. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार, ते गेले आणि आईची फॅमिली पेन्शन अडकली, कारण पलटणीच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे आणि त्या काळी गावात जन्माचा दाखला काढत होतं कोण? एका ऑफिसात चार वेळा गेलो, दर वेळी नवीन कागद, चौथ्यांदा तर साहेब म्हणाले, ही बाई तीच कशावरून? आई माझ्या शेजारीच बसली होती. मी चिडून उठलो आणि खोटं कशाला बोलू, महिनाभर फाइलला हात लावला नाही. ताईंनी वडिलांचं डिस्चार्ज बुक मागून घेतलं, पान न पान वाचलं, मला ॲफिडेव्हिट करायला लावलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः सोबत आल्या आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला सगळं रजिस्टर पोस्टाने गेलं. पावत्या वहीत तारखेने चिकटवलेल्या, पोस्टातली सवय. सात महिन्यांनी दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, आला. आईने पुरणपोळ्या केल्या, ताईंनी दोन खाल्ल्या आणि पैशाचं पाकीट परत दिलं.

सत्काराच्या दिवशी त्या कुठे होत्या तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, रेफरल घेऊन एका मावशींबरोबर कुलाब्याला, अश्विनी हॉस्पिटलात. मावशींचे मिस्टर नाहीत, मुलगा दुबईला. कळव्याहून स्लो, ठाण्याला बदलून फास्ट, पुढे बस, आणि तसंच परत.

आता थोडं कडू बोलतो. ७ डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिनाचा डबा फिरतो, तो १९४९ पासून फिरतोय, टाकावेच पैसे त्यात. २६ जानेवारीला म्हाताऱ्या फौजींना स्टेजवर बसवतात, पाहुणे दोन तास लेट, फोटो होतात, आणि नंतर तेच काका उन्हात रिक्षा शोधत असतात. आमचं मंडळही त्यातलंच, मीही त्यातलाच. ताईंना विचारलं, तुम्हाला काय देऊ? म्हणाल्या, एक टेबल, एक प्लग पॉइंट आणि शनिवारचे दोन तास देणारी कॉलेजची दोन पोरं, मला आता बारीक अक्षर दिसत नाही. तुमच्या पेपरात ऑक्टोबरमध्ये हयातीच्या दाखल्याची चौकट आली तर अजून बरं, असंही त्यांनीच सांगितलंय. नाव छापू नका म्हणाल्या म्हणून लिहीत नाही.

पोरं मिळाली, एक माझीच मुलगी. टेबल मंडळाने दिलं. प्लग पॉइंटचं मात्र सेक्रेटरी म्हणतात की लाइट कॉमन मीटरवर पडते, विषय जनरल बॉडीत घ्यावा लागेल.

– एका हवालदाराचा मुलगा, कळवा, ठाणे